चादरीखालचा पेशंट

आमच्या उल्हासनगरच्या नर्सिंग शाळेत कॉम्प्युटरवरचा पेशंट दगावला, की गायकवाड मॅडम मॉनिटरवर पांढरी चादर घालत. मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्या मशीनला कोणी हात लावायचा नाही.

सरावाची सीडी नवीनच आली होती. पडद्यावर खाटेवर एक म्हातारा दिसे. मुलींनी औषध निवडायचं, डोस भरायचा. चुकलं तर म्हातारा डोळे मिटे आणि 'पुन्हा सुरू करा' असं बटण येई. मी कॉम्प्युटर शिकवायचो. सीडी मीच बसवलेली, त्यामुळे खरं सांगतो, म्हातारा गेला की मला टोचणी लागे. त्यात मशीन मोजकीच. कधी सगळ्यांवर चादरी आणि वर्ग नुसता बसून.

"मॅडम, एक बटण तर दाबायचंय," मी म्हणायचो.

"वॉर्डात कुठं असतं ते? दाखवा, मी दाबते."

एकदा बेलवलीहून येणाऱ्या कविताने इन्सुलिन दहापट भरलं. मॅडमनी चादर घातली आणि मला खुर्चीत बसवलं. "सर, तुम्ही पेशंटचा मुलगा. कविता, सांग यांना, काय झालं ते."

तिने अडखळत सांगितलं. "असू दे, बाळा," मी म्हणालो.

"असा असतो काय मुलगा? ओरडा जरा."

मला ओरडता येईना. पोरी हसल्या, कविता हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळा सोडायचा अर्ज घेऊन आली. "माझ्या हातनं खरंच कोणी मरंल, मॅडम. मला नाय जमणार."

मॅडमनी अर्ज घेतला नाही. पर्समधून डायबेटीसच्या गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी काढून तिच्यापुढे ठेवली. "माझी दुपारची गोळी तू दे. मग अर्ज बघू."

"कॉम्प्युटरवर?"

"त्यात मी मावते का?"

कविताने चिठ्ठी वाचली, गोळीचं नाव ताडून पाहिलं, पट्टीवरची तारीख पाहिली. पाणी आणलं. मग गोळी हातात धरून थांबली.

"मॅडम, जेवलात?"

"दे गं तू."

"उपाशीपोटी नाय देणार."

तिने स्वतःचा डबा उघडून पुढे सरकवला. विठ्ठलवाडीला एकट्या राहणाऱ्या मॅडमनी डबा जवळ ओढला. मग निमूट अर्धी भाकरी खाल्ली, गोळी घेतली.

"उद्या पण तूच दे."

कविताने अर्जाची घडी करून पिशवीत टाकली. "उद्या रविवार आहे, मॅडम."

"हो का," मॅडम म्हणाल्या. डब्याचं झाकण त्यांनी सावकाश लावलं. "मग सोमवारी दे."