बोरखडीच्या गिरणीतलं वेळवाटप

या, अंमळ जवळ सरका, मागच्यांनाही जागा होऊ द्या. बोरखडीच्या मनकर्णाबाईंच्या दळणाची कथा सांगतो. यंत्र एक आणि गरजू अनेक असले की शास्त्र लागतं, आणि शास्त्र लागलं की गरजूंनी थोडं थांबायचं असतं, हे सत्य सर्वांना मान्य आहे.

साल एकाहत्तर. गावात सप्ताह बसला होता आणि कीर्तनकार बुवांना जेवू घालायची पाळी पाच वर्षांनी मनकर्णाबाईंकडे आली होती. बुवा कीर्तनाआधी जेवत, तेही निव्वळ बाजरीची भाकरी. (दुसऱ्या धान्याचा कण पोटात गेला तरी ऐन निरूपणात ढेकर येई आणि टाळकरी तिलाच सम समजत.) दिवस मावळायच्या आत पान वाढलं नाही, तर पाळी शेजारच्या दगडाबाईंकडे जाणार होती. म्हणून बाई आठ वाजताच बाजरीचा डबा घेऊन सहकारी गिरणीत हजर.

नेमके त्याच सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी राधाकृष्ण मुंबईहून परतले. तिथे एका कचेरीत त्यांनी कॉम्प्युटर पाहिला होता. त्याला कामं देण्याच्या दोन पद्धती. गठ्ठा पद्धतीत एकाचं काम पुरतं उरकायचं, मग दुसऱ्याचं घ्यायचं. वेळवाटपात प्रत्येकाला थोडा थोडा वेळ द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून फिरायचं. यंत्र इतकं चपळ, की ज्याला त्याला वाटावं, हे माझ्या एकट्याचंच. संचालक मंडळाने साडेसात मिनिटांत ठराव केला : गठ्ठा पद्धत मागासलेली आहे (ती आजवर विनातक्रार चालली, हाच पुरावा), सबब गिरणीत वेळवाटप सुरू व्हावं. दळणं बावीस. दर खेपेला दोन मिनिटं.

“साहेब,” गिरणीवाले पुंजाराम म्हणाले, “दर खेपेला दगड झाडावं लागत्याल. दीड मिनिट त्यातच जाईल.”

“म्हणजे अर्धं मिनिट उरतं ना?”

“व्हय, उरतं.”

“मग तेच वाटायचं.”

वाटप निःपक्षपाती झालं. दुपारपर्यंत मनकर्णाबाईंची पाळी पाचदा आली आणि पदरी पाच मुठी पीठ पडलं.

“पुंजाभाऊ, ह्ये पिवळं का दिसतंय?”

“दगडाबाईचं बेसन हाय त्यात, मावशी. तुमची बाजरी तिच्या डब्यात गेली. फिट्टंफाट.”

“आन् माजं बुवा?”

बाई तडक सेक्रेटरींपुढे गेल्या. तक्रारींनाही वेळवाटप लागू होतं. “साहेब, दिवस मावळायच्या आत—” इतकं म्हणेतो घड्याळ बघून ते पुढच्या तक्रारदार साळूबाईंकडे वळले. पाऊण तासाने परत आले. “हं, दिवस मावळायच्या आत काय म्हणत होता?”

“बाजरी!” बाई ओरडल्या.

“नोंद घेतली,” म्हणाले, आणि गेले.

साडेतीनला मनकर्णाबाईंनी उरलेली बाजरी उचलली, घर गाठलं, कोपऱ्यातलं जातं पुसलं आणि ओव्या म्हणत एका बैठकीत दळण संपवलं. मधे दगडाबाई विरजण मागायला आल्या, तर “दळण होऊ द्या” म्हणून त्यांना उंबऱ्यावर बसवलं. सूर्य टेकला तेव्हा बुवांच्या पानात तिसरी भाकरी होती. त्या रात्री कीर्तन असं रंगलं की टाळकऱ्यांना सम स्वतःच शोधावी लागली.

चार दिवसांत गावातल्या सगळ्या बायका जात्यावर बसल्या. सोसायटीचा अहवाल म्हणतो : गिरणीतली रांग शून्य, सरासरी थांबणं शून्य मिनिटं, तक्रारी शून्य. अशी पद्धत तालुक्यात दुसरीकडे नाही. (हे मात्र खरं आहे.)

हसताय? हसा. पण एवढीशी कथा ऐकताना तुम्ही एकदा चुलीवरचं दूध बघून आलात, एकदा शेजारच्या भांडणाला कान दिलात आणि आता “बुवा कोण?” म्हणून बाजूच्याला विचारताय. असू द्या. देवाला हात जोडाल तेव्हा आमच्या मनकर्णाबाईंची आठवण तेवढी काढा. आणि काढाल ती पुरती काढा.