राउटरची फाईल

राजेसाब मुजावर यांच्या घरी राउटरची आवश्यकता असल्याची बाब प्रथम निदर्शनास आली ती एका सोमवारी, सकाळच्या चहाच्या वेळी. ती निदर्शनास आणून दिली त्यांच्या धाकट्या मुलीनं, माहेनूरनं.

"अब्बा, पुण्याच्या कंपनीची मुलाखत ठरली. पुढच्या बारा तारखेला, गुरुवारी, सकाळी अकरा वाजता. ऑनलाईन. निवड झाली तर घरूनच काम करायचं."

'घरूनच' या शब्दावर तिच्या आईच्या, कमरुन्निसांच्या, हातातली गाळणी थबकली. थोरली दोन्ही मुलं शिकून पुण्याला गेली होती आणि आता ईदेला पाहुण्यासारखी येऊन जात होती. सोलापुरानं मुलं वाढवायची आणि पुण्यानं ती कामाला लावायची, ही वाटणी कुणी केली ते ठाऊक नाही, पण पाळली जाते काटेकोर. धाकटी तरी डोळ्यांसमोर राहावी, एवढीच त्या माउलीची दुआ होती.

"मग काय लागतंय त्याला?"

"पक्कं नेट. मोबाईलवरचं कंपनीला चालत नाही. वायर तो नेटवाला बसू ओढून देतो म्हणालाय. राउटर आपण घ्यायचा."

"तर घेऊन टाक की आजच."

राजेसाबांनी बशी खाली ठेवली. "घेऊन टाक म्हणजे? असं कसं घेऊन टाक?"

राजेसाबांनी एका सरकारी कार्यालयाच्या भांडार शाखेत चौतीस वर्षं काढली होती. एवढ्या काळात आपल्या खरेदीवर एकही आक्षेप निघाला नाही, असं ते अभिमानानं सांगत. ते खरंच होतं. आक्षेप निघायला आधी वस्तू यावी लागते. त्यांनी उन्हाळ्यात पंख्यांची मागणी नोंदवली की थंडीत मंजुरी येई, आणि थंडीत पंखे कशाला, अशी विचारणा करून वरचं कार्यालय ती मंजुरी परत घेई. कागद मात्र पक्के.

"तीन कोटेशनांशिवाय मी आयुष्यात टाचणी घेतली नाही," राजेसाब म्हणाले.

"माहीत हाय की," कमरुन्निसा म्हणाल्या. "मला बघायच्या आधी दोन घरी शरबत पिऊन आले होते."

दुसऱ्या दिवशी राजेसाब नव्या पेठेत गेले. पहिल्या दुकानदारानं त्यांच्यासमोर राउटरचा खोका ठेवला. त्यांनी तो मागं सारून सीलबंद पाकिटात दर मागितला. दुकानदारानं आपल्या कार्डाच्या पाठीवर आकडा खरडून दिला आणि पाकीट तुमचंच आणा म्हणाला. दुसऱ्यानं व्हॉट्सॲपवर दर पाठवला, खाली गुलाबाचं फूल. तिसरा म्हणाला, "काका, दोन मिनिटांचं काम आहे हो. घ्यायचा तर घ्या, नाहीतर सावलीत तरी उभे राहा."

कोटेशनं दोनच झाली. आता सरकारी खरेदीत तिसरं कोटेशन कसं मिळतं, हे जगाला ठाऊक आहे. ते मागवायचं नसतं, लिहवून घ्यायचं असतं. ओळखीतला माणूस गाठायचा, त्यानं पहिल्या दोघांहून चढा दर टाकायचा, फाईल पुरी होते. राजेसाबांनी त्यासाठी आपला भाचा एजाज याला निवडलं. एजाजचं कुलरच्या गवताचं दुकान होतं. राउटर त्यानं विकला तर नव्हताच, जवळून पाहिलाही नव्हता. म्हणजे तिसऱ्या कोटेशनासाठी माणूस अगदी योग्य.

घात झाला तो एजाजच्या संस्कारांनी. मामूंना चढा दर लावायचा? जीभ झडेल! त्यानं सर्वांत स्वस्त दुकानापेक्षा पन्नास रुपये कमी लिहून दिले.

राजेसाबांनी तुलनात्मक तक्ता आखला, बेरीज-वजाबाकी नसतानाही दोनदा तपासला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एजाज, किमान दर तुझा आला."

"असू द्या की मामू. आता त्या पहिल्या दुकानातून घेऊन टाका."

"तसं घेता येत नाही. किमान दर सोडून वरच्या दरानं घेतलं तर आक्षेप निघेल."

"कोण काढंल? घर तुमचं, पैसं तुमचं!"

"म्हणूनच जास्त जपायला हवं. पुरवठा तुलाच करावा लागेल. नाही केलास तर काळ्या यादीत जाशील."

"काळ्या यादीत म्हंजे?"

"ईदेला शिरखुर्मा बंद," कमरुन्निसांनी आतून खुलासा केला.

बिचाऱ्या एजाजनं चार दिवस डोकं खाजवलं. पाचव्या दिवशी तो पंढरपूरच्या एका लॉजवर कुलरचं गवत बदलायला गेला असता त्याला माळ्यावर जुन्या राउटरांची चळत दिसली. त्यातला एक त्यानं गवताच्या बदल्यात आणला, फडक्यानं पुसला आणि मामूंच्या हाती दिला. राजेसाबांनी पोच दिली. मग नियमाप्रमाणे जडवस्तू नोंदवहीत नोंद केली आणि पांढऱ्या ऑइलपेंटानं राउटरच्या पाठीवर ठळक अक्षरांत क्रमांक रंगवला. सरकारी कार्यालयात खुर्चीपासून कचऱ्याच्या टोपलीपर्यंत सगळ्यांच्या पाठीवर असा क्रमांक असतो. रंग थोडा जास्त झाला आणि पाठीवरची बारीकसारीक भोकं बुजली, पण क्रमांक लांबून वाचता येत होता.

बसूनं वायर जोडली. बसू मूळचा मंद्रूपचा, नेटवाल्या कंपनीचा लाईनमन. दिवसभर खांबावर, संध्याकाळी फोनवर. राउटरचा हिरवा दिवा लागला. माहेनूरनं मोबाईल जोडला तर पडद्यावर अक्षरं उमटली: 'सुस्वागतम. आपला मुक्काम सुखाचा होवो.'

"किती अदब आहे बघ कंपनीला," राजेसाब म्हणाले.

"अब्बा, हा कुठल्यातरी लॉजचा राउटर आहे."

"हे झालं तुझं वैयक्तिक मत. त्याला तांत्रिक अभिप्रायाचा आधार हवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर अकरा वाजता नेट गेलं. बारा वाजता आलं. तिसऱ्या दिवशीही अकराला गेलं, बाराला आलं. चौथ्या दिवशीही तेच. दिवसाचे तेवीस तास राउटर कसा गुणी बाळासारखा वागे, आणि ज्या तासाला माहेनूरची मुलाखत होती, नेमका त्याच तासाला रुसे.

राजेसाबांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. एक गोड आवाज म्हणाला, "आपली तक्रार आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे." एवढं ऐकूनच राजेसाब खुर्चीत सावरून बसले. चौतीस वर्षांत त्यांच्या कार्यालयानं कुणाला असं कधी म्हटलं नव्हतं. तक्रारीला बारा आकडी क्रमांक मिळाला. दुपारी दोन वाजता त्याच गोड आवाजाचा उलट फोन आला.

"सर, आता नेट चालू आहे का?"

राजेसाब सत्यवचनी. "आहे."

"धन्यवाद सर. तक्रार निकाली काढली आहे."

अशा नऊ दिवसांत नऊ तक्रारी झाल्या आणि नऊच्या नऊ निकाली निघाल्या. राजेसाबांचा ऊर भरून आला. "याला म्हणतात निपटारा! शंभर टक्के! आमच्याकडं एखादे साहेब एवढ्यावर पदक घेऊन गेले असते."

"आणि नेट?" माहेनूरनं विचारलं.

"तो वेगळा विषय आहे."

मुलाखतीला तीन दिवस उरले तेव्हा कमरुन्निसांनी बसूला बोलावणं धाडलं. राजेसाबांनी लगोलग त्या भेटीला 'संयुक्त पाहणी' असं नाव दिलं आणि हजेरीपटावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. बसूनं मोबाईलवर काहीबाही दाबलं आणि तो हसत सुटला.

"चाचा, ह्याच्यात टायम लावून ठेवलाय की! रोज अकराला समद्यास्नी भाईर काडतंय, बाराला परत आत घेतंय."

"कशासाठी?"

"चेक-औट, चाचा! लॉजचा टायम हाय त्यो. अकराला जुनं गिऱ्हाईक भाईर, बाराला नवं आत. तुमचं समदं घर रोज खोली रिकामी करतंय बघा."

कमरुन्निसांनी राजेसाबांकडं पाहिलं. राजेसाबांनी छताकडं पाहिलं.

"मग काढ तो टाईम," माहेनूर म्हणाली.

"दिसतंय, पर बदलाया पासवर्ड लागतंय. त्यो लॉजवाल्याकडं."

एजाजनं लॉजवर फोन केला. तिथला नवा मॅनेजर म्हणाला, पासवर्ड जुन्या मॅनेजरला ठाऊक होता, आणि जुना मॅनेजर कुठं आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

"तरी बी काय बिघडत न्हाय," बसू म्हणाला. "मागं एक बारीक भोक असतंय. टाचणी घालून धा मोजायचं, समदं कोरं हुतंय." त्यानं राउटर उलटा केला. पाठीवर पांढराशुभ्र, वाळून दगड झालेला क्रमांक होता. "भोक कुटं गेलं चाचा?"

बसूनं नखानं खरवडायला सुरुवात केली तसे राजेसाब ओरडले, "थांब! क्रमांक खोडणं हा गैरव्यवहार आहे!"

"अब्बा, नवा घेऊ. आत्ता जाऊन."

"घेऊ ना, मी कुठं नाही म्हणतो? पण एका घराला एकच राउटर मंजूर आहे. आधी जुना निर्लेखित, म्हणजे नोंदवहीतून बाद, करावा लागेल. त्यासाठी तो निकामी असल्याचा दाखला हवा. आणि जी वस्तू दिवसाचे तेवीस तास चालते, ती निकामी आहे असं मी कोणत्या तोंडानं लिहू?"

माहेनूर उठून आत गेली. तिनं कपाटावरची बॅग काढली आणि तिच्यावरची धूळ झटकली. धूळ झटकल्याचा आवाज बाहेर ऐकू आला. पुण्याला जाऊन मैत्रिणीच्या खोलीवरून मुलाखत द्यायची, असं तिनं ठरवलं होतं. आणि पुण्याला एकदा मुलाखतीपुरतं गेलेलं माणूस परत येत नाही, हे कमरुन्निसांनी दोनदा अनुभवलं होतं.

बुधवारी दुपारी राजेसाब नमाजहून परतले तेव्हा कमरुन्निसा अंगणात कपडे धूत होत्या. बादलीत टॉवेल होते, चादरीचं एक टोक होतं, आणि साबणाच्या फेसातून पांढरा क्रमांक लांबूनसुद्धा वाचता येत होता.

"हा इथं कसा?"

"पडला."

"कसा पडला?"

"मी टाकला म्हणून पडला. धूळ लई बसली होती, म्हटलं धुऊन काढावा." त्यांनी राउटर पिळायचाच तेवढा बाकी ठेवला होता. "आता चोवीस तास बंद हाय. लिवा तुमचा दाखला."

राजेसाबांनी बादलीत वाकून पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जो उजेड पसरला, तो भांडार शाखेत फक्त मार्चअखेरीस दिसत असे.

"पाणी," ते पुटपुटले. "पाण्यामुळं नुकसान. म्हणजे पूर. म्हणजे नैसर्गिक आपत्ती. आपत्तीत तातडीची खरेदी करता येते! कोटेशनांची गरजच नाही! बेगम, हे तुला कुणी सुचवलं?"

"साबणानं," कमरुन्निसा म्हणाल्या.

आपत्तीचा पंचनामा होईपर्यंत बसू नवा राउटर घेऊन दारात उभा होता. दहा मिनिटांत दिवा हिरवा झाला. राजेसाब ब्रश शोधायला गेले, पण रंगाचा डबा घरात कुठंच सापडला नाही, आणि त्याबाबत कुणी निवेदन द्यायला तयार नव्हतं.

गुरुवारी मुलाखत झाली. कमरुन्निसा दाराबाहेर तसबीहची माळ घेऊन बसल्या होत्या आणि गल्लीतल्या फेरीवाल्यांना हातानंच गप्प करत होत्या. आठवड्यानं निवड झाल्याचं कळलं. घरात बिर्याणी शिजली आणि लॉजच्या राउटरपायी काळ्या यादीत गेलेल्या एजाजला तिथून सन्मानानं वगळण्यात आलं.

महिना झाला आणि कंपनीचं पत्र आलं. 'घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे घर कार्यालयापासून वीस किलोमीटरच्या आत असावे. आठ दिवसांत स्थलांतर करावे.'

"म्हणजे घरून काम, पण घर सोडून," माहेनूर म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते.

कमरुन्निसा मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांनी त्याच्याकडून काही करून मागितलं नव्हतं, कारण मागितलं तर ते कधी येईल याचा भरवसा नव्हता. आज त्या एवढंच म्हणाल्या, "साहेबांसाठी जन्मभर फायली अडवल्यात. आज माझ्यासाठी अडवा एक फाईल."

राजेसाब उठले. हातपाय धुतले, इस्त्रीचा सदरा घातला, चष्मा पुसला. मग माहेनूरला समोर बसवून त्यांनी उत्तर सांगितलं.

'उपरोक्त पत्रातील "घर" या संज्ञेची व्याख्या नियुक्तीपत्रात आढळून येत नाही. घर म्हणजे मालकीचे, भाड्याचे, की जेथे आई जेवायला वाढते ते, याबाबत स्पष्टता व्हावी. अंतर रस्त्याने मोजावे की सरळ रेषेत, व कोणत्या दारापासून, याचाही खुलासा व्हावा. सक्षम प्राधिकाऱ्याचा निर्णय प्राप्त होईपर्यंत कर्मचारी सध्याच्या ठिकाणी कार्यरत राहील. माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर.'

पत्र पुण्याला पोहोचलं. तिथल्या तरतरीत, इंग्रजी बोलणाऱ्या, काचेच्या इमारतीत बसणाऱ्या मंडळींनी ते विधी विभागाकडं धाडलं. विधी विभागानं मनुष्यबळ विभागाचा अभिप्राय मागवला. मनुष्यबळानं ते बंगळुरूला पाठवलं. बंगळुरूनं 'घर' या विषयावर एक समिती नेमली असून तिच्या सदस्यांपैकी चौघं घरून काम करतात, त्यामुळे बैठकीची जागा अजून ठरलेली नाही.

सात महिने झाले. माहेनूर सोलापुरातच आहे, दुपारी आईच्या हातचं गरम जेवते आणि संध्याकाळी बापाला आलेला प्रत्येक खुलासा वाचून दाखवते.

आता वाचकांपैकी एखादे सद्गृहस्थ त्या कंपनीत वरच्या खुर्चीवर असण्याची शक्यता नाकारता येत नाही. हे वाचून त्यांना एकाएकी शिस्त आठवली आणि पोरीला पुण्याला बोलावून घ्यावंसं वाटलं, तर त्यांनी खुशाल बोलवावं. राजेसाबांची तयारी आहे. आदेशासोबत त्यांनी फक्त एवढा खुलासा जोडावा: ही गोष्ट आपण कुठं बसून वाचली, किती वाजता वाचली, आणि त्या वेळी समोरच्या पडद्यावर काम म्हणून काय उघडून ठेवलं होतं?