आभारी आहे, सांगितलंत ते बरं झालं

माझ्या तोंडावर कोणी कितीही वाईट बोललं तरी मी हसून उत्तर देतो. ही फुशारकी नाही, बारा वर्षं चष्म्याच्या दुकानात काढली आहेत मी! गिऱ्हाईक आरशात स्वतःचा चेहरा बघतं आणि राग माझ्यावर काढतं. "ही काय फ्रेम आहे? नाक केवढं दिसतंय माझं!" नाक मुळातच केवढं आहे, हे मी सांगत नाही. मी म्हणतो, "आभारी आहे, सांगितलंत ते बरं झालं." माणूस जागच्या जागी गार पडतो.

त्यामुळे मालकांनी नवी शाखा काढायची ठरवली तेव्हा तिचा प्रमुख मीच होणार, याबद्दल मला शंका नव्हती. मालकांना मात्र थोडी होती.

"शनिवारी माझी आत्या येतेय चष्मा करायला," ते म्हणाले. "आजवर तीन दुकानदारांना रडवलंय तिने. तुमच्याकडून चष्मा घेऊन गेली, तर शाखा तुमची."

मी घरी येऊन बायकोला म्हटलं, "शनिवारपर्यंत मला रोज टाकून बोल. सराव हवा."

माझं कुठलंही काम तिने इतक्या आनंदाने अंगावर घेतलेलं नाही. पहिल्या दिवशी जरा अडखळली. दुसऱ्या दिवशी वहीत मुद्दे काढून आली.

"तुम्ही गाता तेव्हा शेजारी खिडक्या लावून घेतात."

"आभारी आहे, सांगितलंस ते बरं झालं."

"इतक्या वर्षांत एक खिळा सरळ ठोकला नाहीत!"

"आभारी आहे," म्हणून मी मान झुकवली आणि पाहतो तर दारात सासूबाई. न कळवता आल्या होत्या. तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या त्या, त्यामुळे दाराबाहेर उभं राहून सगळं ऐकायची सवय पक्की.

"जावईबापू, हे कधीपासून चाललंय?"

"कालपासून, आई. मीच सांगितलंय तिला."

त्यांचे डोळे भरून आले. "अगं आई, सराव आहे हा," बायको म्हणाली. "बहिरी नाही मी," सासूबाई म्हणाल्या. आम्ही जितकं समजावलं तितकी त्यांची खात्री पटत गेली, की गरीब बिचारा जावई बायकोला पाठीशी घालतोय. "यापुढे यांना कोणी बोललं, तर गाठ माझ्याशी आहे," असं त्यांनी जाहीर केलं.

शनिवारी डोळे तपासायचं निमित्त काढून त्या दुकानात आल्या आणि स्टुलावर ठाण मांडून बसल्या. अकरा वाजता आत्याबाई आल्या. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "हा चष्मे विकतो? याचा स्वतःचाच तिरका बसलाय."

मी हसलो, तोंड उघडलं, तेवढ्यात स्टुलावरून आवाज आला, "चष्मा सरळ आहे. बघणाऱ्याची मान तिरकी आहे."

मालकांनी काउंटर घट्ट धरला. शाखा माझ्या डोळ्यांदेखत चालली होती. मी घाईघाईने आत्याबाईंच्या नाकावर एक फ्रेम चढवली आणि सासूबाईंना गप्प राहायच्या खुणा केल्या. त्यांना वाटलं, मी घाबरलोय. त्या उठल्या आणि आत्याबाईंच्या नाकावरची ती फ्रेम काढून घेतली.

"घुबड दिसताय यात. चेहरा एवढासा, काचा केवढ्या! ही घाला."

आत्याबाईंनी मुकाट्याने घातली. "बरी दिसते?"

"बरी नाही. पण मघापेक्षा माणसात आलात."

आणि आत्याबाई हसल्या. चाळीस वर्षांत तिचं असं हसणं ऐकलं नव्हतं, असं मालक नंतर म्हणाले. "जिथे जाते तिथे नुसते आभार मानतात मेले," आत्याबाई म्हणाल्या, "चष्मा कसा दिसतो ते कोणी सांगतच नाही." त्यांनी दोन घेतले!

संध्याकाळी मालकांनी मला आत बोलावलं. मी कॉलर नीट करून गेलो.

"शाखेचं ठरलं," ते म्हणाले. "फक्त तुमच्या सासूबाई हो म्हणतील का, तेवढं विचारून सांगा."

त्या हो म्हणाल्या. सोमवारपासून मी त्यांच्या हाताखाली आहे. हे घरी सांगितलं, तेव्हा बायकोने वही मिटली आणि म्हणाली, "आईला एक सकाळ पुरली. तुम्हाला बारा वर्षं कमी पडली."

मी तोंड उघडलं. पण ते वाक्य काही केल्या आठवेना.