वसंताची जुनी दुखणी

“छातीत कधीपासून दुखतंय?” फोनमधल्या दुभाषी बाईने मराठीत विचारलं. माझा धाकटा भाऊ वसंता खाटेवर आडवा होता, नाकात नळी, छातीला सात-आठ वायरी. कपाळावरचा घाम पुसत तो म्हणाला, “काय नाय हो बाय, जुनंच हाय. वीसेक वर्षं झाली.”

बाईने ते इंग्रजीत सांगितलं. नर्सने लगेच टाइप केलं. माझी लेक शुभांगी आठव्या महिन्याचं पोट धरून उभी होती. “मामा, काय बोललास हे!”

दवाखाना अमेरिकेतला. आम्ही चिंचणीहून तिथे शुभांगीच्या बाळंतपणाला गेलो होतो. मी एकटी विमानात बसणार नव्हते, म्हणून वसंताला घेतलं. कारखान्याच्या कॅन्टीनमधून निवृत्त झालेला, बायको वारलेली, मूल नाही. त्याची घरी वाट बघणारं कुणी नव्हतं.

वसंताला कशाचंच नवल वाटत नाही. छप्पर गळालं तर म्हणणार, “जुनीच गळती हाय.” रिक्षा वाटेत बंद पडली तर रिक्षावाल्याच्या आधी हाच सांगणार, “इंजिनाची जुनी खोड हाय.” एकदा त्याच्या वाडीत केळीच्या बुंध्याशी साप निघाला. बायका किंचाळत पळाल्या. हा म्हणाला, “घाबरू नका गं, जुनाच साप हाय.” मी म्हटलं, “मेल्या, तो जुना म्हणून चावायचा थांबेल काय?”

पण तिथे हे बोलणं अंगाशी आलं. पाहुणे म्हणून जाणाऱ्यांसाठी एक विमा असतो. शुभांगीने आमचा दोघांचा काढला होता. त्याचा नियम असा, की तिथे गेल्यावर अचानक जे होईल त्याचे पैसे कंपनी देणार. घरून बरोबर आणलेलं दुखणं असेल तर देणार नाही. आणि वसंताने स्वतःच्या तोंडाने वीस वर्षं सांगितली होती.

मला त्या बिलांचं मोठं कुतूहल वाटलं. आमच्याकडे बोईसरच्या दवाखान्यात आधी अनामत भरा, मग खाट. तिथे काउंटरवर विम्याचं कार्ड दाखवलं, त्यांनी त्याची झेरॉक्स काढली आणि पैशाचा विषयच नाही. तासाभरात हृदयाची नस मोकळी करून स्टेंटची जाळी टाकली, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. मी म्हटलं, चांगली माणसं आहेत. मग टपाल सुरू झालं. दवाखान्याचं बिल वेगळं, डॉक्टरचं वेगळं, भूल देणाऱ्याचं वेगळं, अँब्युलन्सचं वेगळं. एक बिल तर अशा डॉक्टरचं, ज्याने कुठेतरी बसून छातीचा फोटो बघितला. त्याचं तोंडसुद्धा आम्ही पाहिलं नाही. सुरुवातीची ठरलेली रक्कम आपण भरायची, पुढची कंपनीने, तीही कंपनी हो म्हणाली तर.

बाळ झालं, मुलगी. आम्ही चिंचणीला परतलो. मग शुभांगीचा फोन आला. कंपनी नाही म्हणाली. दुखणं जुनं आहे, असं दवाखान्याच्या कागदावरच लिहिलंय म्हणे.

दुसऱ्या दिवशी वसंता वाडीला गिऱ्हाईक बघायला लागला. “भाचीचं घर कर्जाचं हाय,” एवढंच म्हणाला. त्याच्याकडे त्या वाडीशिवाय काही नाही. मी त्याला दोन शिव्या घातल्या.

शुभांगीने हार मानली नाही. तिने कंपनीकडे पुन्हा अर्ज केला. त्यांनी इकडच्या डॉक्टरकडची मागची सगळी कागदं मागितली. मी वसंताला धरून बोईसरला त्याच्या नेहमीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि हसायलाच लागले. “वसंतराव, छातीची एकही तक्रार नाही तुमची. एकदा कुत्रं चावलं, दोनदा कानातला मळ काढला. बीपीसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं.”

मी रस्त्यातच त्याला थांबवलं. “वीस वर्षं कुठून आणलीस रे?”

त्याने नारळपाणी घेऊ काय, विचारलं.

मग कंपनीच्या साहेबाने त्याचा जबाब फोनवर घ्यायचं ठरवलं. मधे बोलायला पुन्हा एक मराठी बाई. मोबाइल माझ्या ओट्यावर ठेवला. मी समोर मच्छी साफ करत होते.

“दुखणं केव्हा सुरू झालं?”

“तिकडं उतरल्यावर, चवथ्या दिवशी.”

“आधी कधीच नाही?”

“नाय.”

“मग वीस वर्षं का सांगितलीत?”

मी त्याला कोपराने ढोसलं.

“माझ्या बायकोला डॉक्टर बोलला, गाठ नवीन हाय,” तो म्हणाला. “दोन महिन्यांत गेली. ते दोन महिने आमच्या घरात कोन धड जेवला नाय. जुनं हाय बोललं का मानसं जेवतात. भाची पोटुशी व्हती. ताई तिथंच उभी व्हती.” मग कुणी न विचारताच म्हणाला, “मी लय भ्यालो व्हतो, बाय.”

पलीकडच्या बाईने सगळं इंग्रजीत सांगितलं. साहेबाने त्यावर जन्मतारीख विचारली.

दोन महिन्यांनी कंपनीने पैसे दिले. आपल्या वाट्याची रक्कम शुभांगीने भरली. वाडी राहिली.

अमेरिकेतल्या त्या खाटेवर होता तो माझा भाऊ वसंता, वय सदुसष्ट. उशाशी उभी होती ती मी, त्याची थोरली बहीण, चौथी पास. दोघंही अजून आहोत, चिंचणीलाच.