जादूगार म्हणायचं कोणाला?

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘जावईबापूंची हातचलाखी’ असं छापलेलं दिसलं आणि जावईबापूंचं डोकंच फिरलं. त्यांनी पेन काढलं आणि चाळीसच्या चाळीस पत्रिकांवर खाडाखोड करून ‘जादूगार जावईबापूंचे प्रयोग’ असं लिहून टाकलं. एवढ्यावर थांबायचं, तर नाही! एक पत्रिका घेऊन ते थेट सासऱ्यांना जाब विचारायला गेले.

सासरे भाषेचे निवृत्त मास्तर. (निवृत्त फक्त शाळेतून.)

“गारुडी साप खेळवतो, मदारी माकड नाचवतो,” सासरे चष्मा पुसत म्हणाले. “तुम्ही वस्तू लपवता. त्याला हातचलाखी म्हणतात. घडू नये ते घडवतो, तो जादूगार. शब्द उगाच उधळू नयेत.”

“आठ वर्षं सराव करतोय मी!”

“मग उद्या घडवून दाखवा काहीतरी. चारचौघांत मी स्वतः तुम्हाला जादूगार म्हणेन.”

जावईबापू तणतणत घरी आले. वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर दिवसभर लोकांच्या शिव्या मुकाट्याने गिळणारा हा माणूस. स्वतःचा राग काढायला त्याला घराखेरीज जागा नव्हती. चहा गार म्हणून ओरडून झालं, पंखा वाजतो म्हणून ओरडून झालं. शेवटी आठ वर्षांत कोणाला हात लावू न दिलेला काळा कोट त्यांनी बायकोच्या अंगावर फेकला.

“इस्त्री कर! उद्या एक सुरकुती दिसली तर याद राख!”

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. जावईबापूंनी सासऱ्यांच्या हातातलं घड्याळ मागून घेतलं. शाळेने निरोपाच्या वेळी दिलेलं, सासऱ्यांचा जीव की प्राण. रुमाल टाकला, मंत्र पुटपुटला, हात सराईतपणे कोटाच्या आत गेला... आणि आतच चाचपडत राहिला. बोटांची पकड सुटली.

खण्ण!

घड्याळ फरशीवर पडलं होतं.

“माझा चोरखिसा कोणी शिवून टाकला?” जावईबापू कडाडले. (गुपित आपणच फोडलं, हे नंतर त्यांच्या लक्षात आलं.)

“अय्या, म्हणजे सगळं खिशात जायचं?” पहिल्या रांगेतली मेहुणीची मुलगी म्हणाली.

बायको ताडकन उठली. “मी शिवला! अस्तर उसवलंय असं वाटलं मला!”

“अगं, विचारायचं तरी!”

“विचारायला गेलं की अंगावर येता! तुमच्या कोटात भोकं मुद्दाम पाडलेली असतात, हे मला काय स्वप्नात दिसणार होतं?”

लोक पोट धरून हसत होते. रागाने आणि शरमेने जावईबापूंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात सासऱ्यांनी घड्याळ उचलून कानाला लावलं आणि हात वर केला.

“चालतंय,” सासरे पुटपुटले. “तीन वर्षं बंद होतं. दोन दुकानदारांनी हात टेकले. मी नुसतं सवयीने घालत होतो.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. जावईबापूंची छाती फुगली.

“मग? घडू नये ते घडवलं ना? आता म्हणा चारचौघांत!”

सासऱ्यांनी घड्याळ पुन्हा मनगटावर चढवलं.

“बंद घड्याळ चालू करणाऱ्याला,” ते म्हणाले, “घड्याळजी म्हणतात.”

जावईबापू उत्तर देणार, तोच चुलतसासरे मागच्या रांगेतून मनगटावरचा पट्टा सोडत पुढे आले.

“जावईबापू, हे दोन मिनिटं मागे पडतं. जरा हळूच आपटा हं.”