जावईबापूंची यंत्रनौका

परक्याची ठेव सांभाळणे हे एक व्रत आहे, आणि व्रतांमध्ये ते मोठे कठीण. उपवासाच्या दिवशी अन्न दृष्टीआड ठेवता येते. ठेव मात्र अहोरात्र घरातच असते. त्यातही ती जावयाची असेल, तर तिला धक्का लागणे म्हणजे लेकीच्या संसाराला बोल लागणे. तापीच्या उत्तर तीरावरचे सधन गुजर शेतकरी रतिलाल पाटील हा धर्म पुरता जाणून होते. परंतु कुतूहल धर्माची अनुज्ञा घेऊन येत नसते.

सन त्रेसष्टची ही गोष्ट. त्यांची एकुलती एक कन्या वत्सला आदल्या वर्षीच सुरतेस नांदायला गेली होती. जावई गिरधर तिथल्या एका गिरणीच्या यंत्रशाळेत नोकरीस होता. मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाने त्याला दीड हात लांबीची एक नौका भेट दिली होती. तिच्या पोटात पेट्रोलवर चालणारे इवलेसे इंजिन होते, मागे पितळी पंखा होता, आणि तारेवाचून तिला वळवणारी, उंच दांडीची एक निराळी पेटी होती. दिवाळीत गिरधर ती घेऊन आला, तिचे सारे रहस्य त्याने सासऱ्यांना समजावून सांगितले आणि "आज डोहावर गर्दी आहे, पुढल्या खेपेला चालवून दाखवीन," असे म्हणून तो नौका सासरीच ठेवून गेला.

त्या दिवसापासून रतिलालभाईंच्या जिवाला थारा नव्हता. ते सकाळ-संध्याकाळ नौकेवर पांघरलेली गोधडी दूर सारून तिचे दर्शन घेत. पौषात गिरधरचे पत्र आले: उद्या दुपारी नंदुरबारला गाडीने उतरतो, नौका घेऊन लगेच परततो. रतिलालभाईंनी पत्र वाचले, घडी घातली आणि ते पेट्रोलचा डबा शोधू लागले.

"आयकं का?" जसोदाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "जवाईनी वस्तू शे ती. हात नका लावू."

"मी धूळ पुशी ऱ्हायनू."

"धूळ पुसाले पेट्रोल कसाले लागस?"

रतिलालभाईंनी डबा खाली ठेवला. मग खरे ते बोलले. "उद्या ती चालनी जाई. इतला दिन घरमा ऱ्हायनी, आनि पानीमा कशी दिखस ते आपन देखंच नही. तुले नही वाटस?"

जसोदाबाई चुलीकडे वळल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यामागोमाग त्याही नदीवर निघाल्या, आणि त्यांच्या हातात पूजेचे ताट होते. कोणतीही नवी होडी हळदकुंकवावाचून तापीमाईच्या पाण्यात उतरत नाही, मग ती दीड हाताची का असेना.

काठावर नावाडी गोवाल आपली नाव बांधून विडी ओढत बसला होता. जसोदाबाईंनी नौकेला कुंकू लावले, झेंडूची माळ घातली, नारळ वाढवला. पेट्रोलचा वास आल्याने निरांजन मात्र त्यांनी दहा पावलांवरूनच ओवाळले.

आता इंजिन सुरू करायचे होते. त्याच्या चाकाला दोरी गुंडाळून ती झटक्याने ओढावी लागे. रतिलालभाईंनी धोतर खोचले आणि ओढली. इंजिन शिंकले. पुन्हा ओढली. तेवढीही शिंक आली नाही. घामाने त्यांची टोपी भिजली, दोरीचे एक टोक तुटून हातात आले, तरी यंत्र ध्यानस्थच राहिले.

"तुम्हीन दोरी नही, बैल वढी ऱ्हायनात," जसोदाबाई म्हणाल्या. "सरका तथा."

"हाई बाईमानूसनं काम नही शे."

"ताक घुसळानं बी बाईमानूसनंच काम शे. तठे बी दोरीच ऱ्हास."

चाळीस वर्षे रोज पहाटे रवीची दोरी ओढलेला तो हात होता. बाईंनी दोरी हलकेच गुंडाळली, आधी मायेने थोडी ढिली खेचली आणि मग एकाच लयीत सर्रकन ओढून घेतली. इंजिन कडाडले. झाडावरचे बगळे उडाले, गोवालच्या तोंडातली विडी पडली, आणि झेंडूची माळ घातलेली ती नौका रतिलालभाईंच्या हातातून निसटून डोहावर धावू लागली.

"व माय!" जसोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. "कशी पये!"

तो क्षण निर्भेळ आनंदाचा होता. प्रौढ पतिपत्नी काठावर उभी राहून लहान मुलांसारखी हसत होती. मग नौका बरीच दूर गेली, आणि जसोदाबाई म्हणाल्या, "आते थांबाडा तिले."

"थांबाडानं बटनच नही शे."

"मंग?"

"पेट्रोल सरनं म्हंजे थांबी."

"कितलं टाकं?"

"काठोकाठ."

"काठोकाठ? जवाईबापूनी चमचाभर सांगं व्हतं ना!"

"जवाईना भांडामा चमचाभर टाकानं?" रतिलालभाई दुखावल्या स्वरात म्हणाले. "तेसले तूप वाढताना तू कधी हात आखडा का?"

त्या घरात जावयाची वाटी कधी अर्धी राहिली नव्हती.

पेटीवर एकच बटण होते. ते दाबले की नौका उजवीकडे वळे, सोडले की सरळ जाई. पुढच्या वेळी दाबले की डावीकडे वळे. रतिलालभाईंनी ते दाबले. नौका वळली, आणि पाण्यात डुंबणाऱ्या म्हशींवर चालून गेली. म्हशी उधळल्या. घाबरून त्यांनी पुन्हा दाबले. नौका म्हशींना सोडून मध्यधारेकडे निघाली.

"तापीमाय, सांभाळ व!" असे म्हणून रतिलालभाईंनी हात जोडले. हातांमध्ये पेटी होती. अंगठा बटणावर दाबला गेला, आणि नौकेने दक्षिण तीराची दिशा धरली. ती दूर जाताना पाहून त्यांनी अधिक भक्तिभावाने हात जोडले. ती एक गिरकी घेऊन आणखी वेगाने पलीकडे निघाली.

गोवाल हे सारे निरखून पाहत होता. "भाई, हात जोडानं ऱ्हाऊ द्या! तुम्हीन हात जोडतस की ती वळस!"

"खरंच का रे?" रतिलालभाईंना इतका दिलासा वाटला की त्यांनी गोवालपुढेच हात जोडले. नौका पलीकडच्या वळणाआड गेली. तिचा आवाज काही वेळ येत राहिला, मग तोही थांबला.

जसोदाबाईंचे हसू मावळले. "आते वत्सलाले काय तोंड दखाडानं? दुपारले तर जवाईबापू येतस. सासू तिले जलमभर आयकाडी, तुन्हा बापनी मन्हा पोऱ्यानी होडी बुडाडी म्हनीसन."

"गोवाल, नाव सोड," रतिलालभाई म्हणाले.

काठाकाठाने शोधत नाव पलीकडच्या घाटाला लागली तेव्हा दुपार कलली होती. तिथे बायकांचा घोळका जमला होता. मधोमध, धुतलेल्या पाटावर, नौका विराजमान झाली होती. तिच्यापुढे उदबत्ती लावलेली होती. तिच्याजवळ धनुबाई बसल्या होत्या, आणि त्यांना पाहताच रतिलालभाईंचे पाय वाळूतच रुतले. धनुबाई त्या गावात दिलेल्या, गिरधरच्या सख्ख्या आत्या होत्या. त्यांना कळलेली गोष्ट सुरतेला कळायला टपालाची गरज लागत नसे.

"या याही, या! या ईहीनबाई!" धनुबाईंनी व्याह्यांचे स्वागत केले. "दर्शन ल्या. तापीमायनी सोता धाडेल शे. ना नावाडी, ना वल्हं, गळामा माळ, कपाळले कुकू. गाजत उनी आनि घाटले लागताच चूप व्हई गई."

"हां... असा होड्या ऱ्हातस," रतिलालभाई पुटपुटले.

"कोठे ऱ्हातस?"

"तापीमाच."

जसोदाबाईंनी त्यांना मागून चिमटा काढला आणि त्या पुढे झाल्या. "धनुबाई, कोनी तरी हाराडेल व्हई हाई. आम्हले द्या, आम्हीन ज्यानी त्याले पोचाडी देतस."

"नही बहीण." धनुबाईंनी नौकेवर हात ठेवला. "मायनी मन्हा घाटवर धाडी. ज्यानी व्हई त्यानी सोता यावं आनि लई जावं. दुसराना हातमा मी दिऊ नही."

आता धनी कोण ते सांगावे तर अपराध उघडा पडतो, आणि न सांगावे तर नौका देवघरात जाते. रतिलालभाई या दोन संकटांच्या मध्ये उभे असतानाच बायकांमध्ये कुजबुज झाली. घाटाच्या पायऱ्यांवरून विजार घातलेला एक तरुण, हातात पिशवी घेऊन, उतारूंच्या नावेसाठी खाली येत होता. गाडी त्या दिवशी वेळेवर आली होती.

गिरधर आत्याच्या पाया पडला, सासूसासऱ्यांच्या पाया पडला, आणि मग त्याची दृष्टी पाटावर गेली. तो जागीच थिजला.

रतिलालभाईंनी त्याचा दंड धरला आणि त्याला चिंचेखाली बाजूला नेले. जसोदाबाई डोक्यावरचा पदर पुढे ओढून मागोमाग आल्या. रतिलालभाईंनी टोपी काढून हातात घेतली होती.

"जवाईबापू, मन्हाकन चूक व्हई गई. तुम्हनी वस्तूले मी हात लावा. काय बोलनं शे ते माले बोला. वत्सलाले काही बोलू नका."

गिरधर सासूसासऱ्यांना मामा-मामी म्हणत असे. त्याने त्यांचे बोलणे ऐकले की नाही, कोण जाणे. "मामा, ती चालनी? इंजिन चालू व्हयनं?"

"व्हयनं. म्हनीसन तर हाई सगळं..."

"कोनी करं?"

रतिलालभाईंनी पत्नीकडे पाहिले. तिला यात गोवावे असे त्यांच्या मनात नव्हते. पण जसोदाबाई शांतपणे म्हणाल्या, "मी करं, बापू. तेस्नी नुसती दोरी तोडी."

गिरधरने पिशवी खाली ठेवली, सासूबाईंचे पाय दुसऱ्यांदा शिवले, आणि तो आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "आत्याले आयकू जावाले नको. मन्हा हातखाल ती आजलोंग एकदा बी चालू व्हयनी नही."

"पन दिवाळीले तुम्हीन म्हनेत, डोहवर गर्दी शे..."

"कसानी गर्दी, मामा? चार बगळा व्हतात." गिरधरने मान खाली घातली. "यंत्रशाळामा सगळासले सांगेल शे, होडी झकास चालस म्हनीसन. तेसनी आते देखाले मांगी. मी ती लई जाईसन, मोडनी असं सांगनार व्हतू. मामी, माले शिकाडा."

रतिलालभाईंनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. सकाळपासून छातीवर असलेला धोंडा उतरला, आणि त्याच्या जागी या मुलाविषयी असे काही प्रेम दाटून आले, जे लग्नाच्या मांडवातही आले नव्हते.

"गिरधर!" घाटावरून धनुबाईंनी हाक दिली. "काय गुजगोष्टी चालू शेतस? हाई होडी तुन्ही शे का रे?"

गिरधर नौकेजवळ गेला. "मन्ही व्हती, आत्या. आते मामीनी शे. जिन्हा हातवर चालस, तिन्ही."

"हे भगवान!" जसोदाबाई दोन पावले मागे सरल्या. "जवाईनं लेवानं? आंडेरना घरनं आम्हीन पानी बी पेतस नही!"

खरेच होते. लेकीच्या घरचे घेणे त्या कुळात कोणी ऐकले नव्हते. गिरधर देण्यावर अडला, जसोदाबाई न घेण्यावर अडल्या, आणि रतिलालभाई नौकेकडे आशेने पाहत राहिले. धनुबाईंनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, पाट उचलला आणि नौकेसकट सरळ जसोदाबाईंच्या पदरात ठेवला.

"जवाईनं नका लेवू, ईहीनबाई. पन तापीमायनी मन्हा घाटवर धाडेल परसाद मी दी ऱ्हायनी. परसादले नही म्हनतस का?"

जसोदाबाईंनी नौका पदरासकट कपाळाला लावली.

परतीच्या नावेत गोवाल वल्ही मारीत होता. गिरधर सासूबाईंपुढे मांडी घालून बसला होता आणि मनगट कसे सैल ठेवावे ते शिकत होता; यंत्रशाळेतल्या सोबत्यांना तो आता डोहावरच बोलावणार होता. रतिलालभाई खाकरले.

"आयकं का? कधी मधी, मन व्हयनं तर... माले बी चालाडाले देशी ना?"

जसोदाबाईंनी पतीकडे पाहिले. त्या दृष्टीत चाळीस वर्षांचा संसार होता. "देखसू," त्या म्हणाल्या.

त्या घरात हे हसू नांदते राहो, सुरतेच्या लेकीपर्यंत ते पोहोचो. आणि आपल्या पाण्यावर भोळेपणाने उतरणाऱ्या सर्वांना तापीमाई सदैव सुखरूप पैलतीरी लावो.