आत्याचा आवाज भरताना

आमच्या मनोरमेचं म्हणणं असं, की मी दुकानात गेलो की वस्तू मी निवडत नाही, वस्तूच मला निवडते. (नवरा निवडताना तिचंही तेच झालं म्हणे, पण तो विषय वेगळा.) तरीही सत्त्याण्णव सालच्या एप्रिलात टेपरेकॉर्डर आणायची कामगिरी माझ्यावरच आली. साधा, स्वस्त आणि पिशवीत मावेल असा.

निमित्त होतं मनोरमेच्या द्वारकाआत्याचं. आत्या वटार गावात राहते, माहेरच्या वाडीपासून बरीच लांब. पण त्या वाडीत आजवर एकही लग्न तिच्या गाण्यांशिवाय लागलेलं नाही. ती गाते आणि बाकीच्या बायका तिच्यामागून ओळ ओढतात. आता मनोरमेच्या भाचीचं, उन्नतीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं, आणि आत्या विहिरीच्या पायरीवरून घसरली. मांडीपर्यंत प्लास्टर, खाटेवरून उठायचंही नाही!

"आत्या गाणार नसेल तर मी बोहल्यावर चढायची नाही," म्हणून उन्नतीने भोकाड पसरलं. नवरीने रडायचं ते पाठवणीला, ही पंधरा दिवस आधीच सुरू झाली. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "हात्तिच्या, त्यात काय? आवाज भरून आणू." (माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं 'त्यात काय' पासून सुरू झालेली आहेत.)

स्टेशनाजवळच्या दुकानदाराने काउंटरवर रांग लावली.

"ह्यात एफएम आहे, ऑटोरिव्हर्स आहे, इक्वलायझर आहे."

"आत्याला इक्वलायझर नको."

"मग डबल कॅसेट घ्या, साहेब."

"एकच आत्या आहे हो! आणि मुख्य म्हणजे, मला चालवता आला पाहिजे."

त्याने मला नीट न्याहाळलं आणि कपाटाच्या तळातून एक काळा डबा काढला. "मग हाच. चारच बटणं. लहान पोरंपण चालवतात."

अपमान गिळून मी तो घेतला. एव्हरशाईन कॉलनीत घरी येऊन 'हॅलो, हॅलो' भरलं आणि ऐकवलं. मनोरमा म्हणाली, "अगदी हुबेहूब. घसा बसल्यासारखा." म्हणजे यंत्र चांगलं होतं.

रविवारी आम्ही दोघं वटारला गेलो. आत्या पडवीत खाटेवर बसली होती. मी रेकॉर्डर पुढे केला.

"हं, म्हणा आत्या."

"कोणासाठी?"

"मशीनसाठी."

"मशीनचं लगीन आहे?"

मग तिने मला समजावलं. लग्नाची गाणी उगाच हवेत म्हणायची नसतात, समोर पाटावर नवरानवरी पाहिजेत. "रिकाम्या पाटाला कोणी हळद लावतं का, जावईबापू?" बरं, उन्नतीला बसवावं, तर लग्नाआधी शेजारी नवरा आणायचा कुठून? शेवटी आत्याने आमच्याकडे बोट केलं. "तुम्हीच बसा. तुम्ही मेल्यांनो कोर्टात सह्या करून मोकळे झालात. बावीस वर्षं तुमची गाणी माझ्या घशात अडकलीत."

मनोरमा जाऊन पाटावर बसली. मीही बसलो. वय सत्तेचाळीस, कपाळाला मुंडावळ्या, गालाला हळद आणि मांडीवर टेपरेकॉर्डर. कुंपणापलीकडून शेजारच्या रोझलिनबाई डोकावल्या. "काय हो, परत लग्न? आणि परत हिच्याशीच?"

आत्या पाऊण तास गायली. मनोरमेच्या डोळ्यांना धार लागली होती. मी मात्र कर्तव्याला जागून कॅसेटच्या चकत्यांकडे बघत होतो. फिरताहेत ना? फिरताहेत. शब्दांकडे कोण लक्ष देतो! घरी आल्यावर पेन्सिल घालून कॅसेट मागे गुंडाळली आणि पहिलं गणपतीचं गाणं तपासलं. एकदम झकास. पुढचं ऐकून सेल कशाला वाया घालवायचे?

लग्नाच्या सकाळी वाडीतल्या मांडवात वऱ्हाड येऊन बसलं होतं. मी माइकसमोर रेकॉर्डर ठेवून बटण दाबलं. गणपतीचं गाणं झालं. उन्नती खुदकन हसली. दोन-चार जण "वा!" म्हणाले, मी कॉलर नीट केली. आणि मग कर्ण्यातून आत्याचा आवाज अख्ख्या वाडीभर घुमला:

"हळद लागली कोणाला गं, दिवाकर नवऱ्याला..."

दिवाकर म्हणजे मी. लग्नाच्या गाण्यात नवरानवरीचं नाव घालतात, आणि आत्याने पाटावर जो बसला होता त्याचं घातलं होतं. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

"अगंबाई!" नवऱ्याची मावशी शेजारणीला म्हणाली. "आपला मुलगा हर्षवर्धन ना?"

"हर्षवर्धनच की."

"मग हा दिवाकर कोण? आधी ह्याच्याशी ठरलं होतं की काय?"

उन्नतीचा चेहरा पांढरा पडला. हर्षवर्धन तिच्याकडे बघायला लागला. कर्णा इमानेइतबारे मला हळद लावतच होता. मी धावत जाऊन एक बटण दाबलं, आत्या गप्प झाली. खात्रीसाठी आणखी एक दाबलं.

उन्नतीचे डोळे भरून आले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात मनोरमा पुढे आली.

"कोणी नाही हो तो," ती मावशींना म्हणाली. "मशीनवाला आहे. भलतीच कॅसेट घेऊन आलाय मेला."

आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता तिने पदर खोचला आणि तेच गाणं उचललं, हर्षवर्धनचं आणि उन्नतीचं नाव घालून. ही बाई बावीस वर्षांत माझ्यासमोर कधी आरतीसुद्धा मोठ्याने म्हणाली नव्हती! वाडीतल्या बायका तिच्यामागून ओढायला लागल्या. उन्नती रडता रडता हसली. लग्न वेळेवर लागलं. अक्षता मीही टाकल्या, पण जरा लांबून.

दुसऱ्या दिवशी आम्ही आत्याकडे गेलो. मी जमेल तितकं तोंड लपवलं होतं.

"ऐकवा," आत्या म्हणाली.

मी कॅसेट लावली. गणपती झाला, दिवाकर नवरा झाला, खट्ट झालं, आणि पुढे चक्क मनोरमा बोलायला लागली. खात्रीसाठी दाबलेलं ते दुसरं बटण आवाज भरायचं होतं. सगळं आलं होतं. मावशींना दिलेलं उत्तर, गाणं, बायकांचा आवाज, सगळं.

आत्याने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. गालांवरून पाणी वाहत होतं. "माझी गाणी घरातच राहिली गं," म्हणत तिने मनोरमेचा हात धरला. मनोरमाही रडायला लागली. मग आत्याने पदराने डोळे पुसले.

"मनू, त्या मशीनवाल्याला जेवायला घातलंस ना गं?"

मनोरमेने माझ्याकडे बघितलं. मग जीभ चावली.